समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना वेगळा समुपदेशक द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. त्याआधी नऊ वर्षं एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती होते.

गेल्या पावसाळ्यात एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी आयसीला, म्हणजे क्षेत्रकार्यावर शिक्षकाशी होणाऱ्या एकास-एक चर्चेला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिचं क्षेत्रकार्य व्यसनमुक्ती केंद्रात होतं. गृहभेटीचं रेकॉर्डिंग, म्हणजे लेखी नोंद, वाचताना ती तिसऱ्या पानावर अडली. सेवार्थीच्या, म्हणजे केंद्रात उपचार घेणाऱ्या माणसाच्या बायकोनं तांदळाच्या डब्यात पैसे लपवले होते. हिची आईही तसेच लपवायची. पानाचा कोपरा दुमडत, उलगडत ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मॅडम, हे लिहिलं तर मार्क कापाल का?"

रुग्णालयात असते तर मी पुढचा प्रश्न विचारला असता. इथे थांबले. क्षेत्रकार्याचे गुण मीच देणार होते. तिनं मन मोकळं केलं असतं ते समुपदेशकापुढे नाही, परीक्षकापुढे.

म्हणून शिक्षकानं कोरडं राहावं, असं नाही. तिच्या घरचं दुःख सेवार्थीशी बोलताना कुठे आड येतं, हे तिच्यासोबत बसून पाहणं माझंच काम आहे. मी पुढची गृहभेट तिच्याबरोबर केली, एक केस काढून घेतली, केंद्रातल्या सुपरव्हायझरशी बोलले. पण त्या दुःखावरचे उपचार माझ्या खुर्चीतून होऊ नयेत. मग तिला पाठवायचं कुठे? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिला. अडल्या वेळी त्याचा आधार आहेच. पण दर आठवड्याला समोर बसून ऐकणारं माणूस त्यातून मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे की, शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली आणि प्रभारी म्हणून माझंच नाव आलं. कारण काय, तर "तुम्ही समाजकार्यवालेच ना!" वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना परिषद आहे, समाजकार्याला देशपातळीवर अशी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे शिक्षक आणि समुपदेशक यांच्यातली ही सीमा पाळायची की नाही, हे एकेका शिक्षकाच्या विवेकावर सोडलेलं आहे.

मुंबईत १९३६पासून हे शिक्षण दिलं जातं. आठवड्यातले दोन दिवस आमची मुलं वस्तीत, बालगृहात, रुग्णालयात जातात. बावीस वर्षांची पोर मृत्यू आणि मारहाण ऐकून संध्याकाळी वसतिगृहात एकटी परतते. इतर बहुतेक शाखांच्या मुलांना हे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झेलावं लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. गुण देणारा शिक्षक त्याच विद्यार्थ्याचा समुपदेशक असणार नाही, असा आदेश काढा. लहान महाविद्यालयांना जिल्ह्यात मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक द्या, त्याचा पगार आणि प्रवासखर्च शासनानं उचलावा. त्याच्याकडची नोंद प्राचार्यांनाही दिसू नये. अर्थात जिवाला धोका असेल तेव्हाची गोष्ट वेगळी. आणि आयसीचे तास आमच्या कार्यभारात पूर्ण धरा, कारण आज पंधरा मिनिटांत एकेकाला उठवावं लागतं.

नव्या तुकडीचं क्षेत्रकार्य सुरू होण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
समाजकार्याची एक शिक्षिका