ती गांधीलमाशी नाही हो, पतंग आहे

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत पडवळाच्या मांडवावरचा एक फोटो छापलाय आणि खाली लिहिलंय 'विषारी गांधीलमाशी, सावध रहा'. अहो, तो पतंग आहे! मी पेपरचा फोटो मोबाईलवर घेऊन झूम करकरून बघितला, बायको म्हणाली आता त्या माशीची पत्रिकाच मागवा.

आधी कंबर बघा. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी असते, ह्याचं छातीपासून पोटापर्यंत एकसलग जाड. मिशा टोकाकडे जाड होत गेल्यात. आणि मागचे पाय! केसांचे एवढे झुबके की लोकरीचे मोजे घातल्यासारखे दिसतात, गांधीलमाशीचे पाय कसे काडीसारखे असतात. पंख आरपार दिसतात म्हणून माणूस फसतो, पण कडेला आणि शिरांवर तपकिरी खवले आहेत, आणि पंखावर असे खवले म्हणजे पतंग नाहीतर फुलपाखरूच.

आपल्याकडे काळ्या पंखांवर पारदर्शक ठिपके आणि पोटावर पिवळे पट्टे असलेले पतंगही दिसतात, त्यांनाही लोक गांधीलमाशीच समजतात, पण ते वेगळे. ह्याचा तर जवळजवळ अख्खा पंखच काचेसारखा आहे, म्हणजे हा सेसिइडी ह्या काचपंखी पतंगांच्या कुटुंबातला. हे दिवसा उडतात, डंख अजिबात नाही, नुसतं सोंग. पक्ष्यांना फसवायच्या ह्या सोंगाबद्दल बेट्स नावाच्या इंग्रज माणसाने 1862 मध्येच लिहून ठेवलंय, ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून.

पायाचे झुबके बघून मला हा त्याच कुटुंबातल्या मेलिटिया गटातला वाटतो. पडवळावर बसलाय म्हणून त्या गटातली मेलिटिया युरिटिऑन ही जात म्हणायचा मोह होतो कारण त्याची अळी पडवळाचं खोड पोखरते आणि तिथे वेलाला गाठ येते. पण वरून काढलेल्या एका फोटोवर जात ठोकून देणं बरं नाही, ह्यांच्यातल्या जवळच्या जाती ओळखायला कित्येकदा नराचे प्रजननाचे अवयव मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. तेव्हा तुम्ही दुरुस्ती छापाल तर नुसतं 'पतंग' एवढंच छापा, चालेल.

आणि फोटो पाठवणाऱ्यांना एक निरोप द्या, फवारा मारायच्या आधी वेलाला कुठे गाठ आलीय का बघा म्हणावं, असेल तर ती चिरून आतल्या अळीचा फोटो पाठवा, आणि पतंग परत आला तर बाजूने, मिशा अजून स्पष्ट दिसतील असा एक काढा.

आपला नेहमीचा वाचक,
वाई