मुलं मोजायचं यंत्र

फोंडा

प्रिय सदा,

आम्ही ठीक. आईचे गुडघे पावसाबरोबर कुरकुरतात, बाकी काही नाही.

मनूने काल पेडोमीटरचा अर्थ सांगितला: मुलं मोजायचं यंत्र! पेडियाट्रिक्समध्ये 'पेड' म्हणजे मूल, मग इथेही मूलच. ही हसून लोटपोट. मला मात्र हसू येईना. का, ते तुलाच कळेल.

चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्रजी, तेव्हा आपली कशी गाळण उडाली होती! पोरीचं अकरावीच्या बायॉलॉजीत तसं होऊ नये म्हणून मास्तर समास सोडवून घ्यायचे तसे मी तिला शब्द फोडायला शिकवले. 'हेपॅट' यकृत, 'आयटिस' दाह, झाला हेपॅटायटिस. ॲनिमियातला 'ॲन' म्हणजे आपल्या अनादि-अनंतातलाच 'अन्'. ग्रीक 'हिप्नोस' म्हणजे झोप, आपल्या 'स्वप्ना'चं भावंड. आपल्या स-चा तिकडे ह होतो. (लगेच 'सगळं संस्कृतातूनच गेलं' सुरू करू नकोस. संस्कृत आणि ग्रीक बहिणी, मायलेकी नव्हेत. याच वादात मडगावला शेवटची बस घालवलीस, तरी सुधारला नाहीस.)

आता बाईसाहेब डिक्शनरी उघडतच नाहीत. पेडोमीटर पावलं मोजतं; त्यातला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. मागचा 'मीटर' ग्रीक. असली मिश्र लग्नं इंग्रजीत पुष्कळ. बरं, कूळ बरोबर लागलं तरी काय? ॲटम घे. 'टॉम' म्हणजे चिरणं, अपेंडेक्टॉमीतलाच; म्हणजे ॲटम न चिरता येणारा. १८९७ साली त्याच्या आतला इलेक्ट्रॉन सापडला, नाव तसंच राहिलं. मलेरिया इटालियन, 'वाईट हवा'. रोनाल्ड रॉसना त्याचा जंतू डासाच्या पोटात सापडला तोही १८९७ सालीच, सिकंदराबादेत. हे सगळं ऐकून मनू म्हणते, "पण बाबा, शब्दच सांगतोय ना!" आणि हिला डॉक्टर व्हायचंय. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर येतो, हीच खरी पंचाईत. दहात नऊदा बरोबर येणाऱ्याला दहावा शब्द कोण तपासायला लावणार?

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची सोलं ठेवलीत, चवथीला येशील तेव्हा ने. त्याआधी पाचपन्नास फसवे शब्द लिहून पाठव. समासात मास्तरांनाही अडवायचास, तर मनू काय चीज आहे! पत्र तिच्या नावावर टाक. माझं आलं म्हटलं की ती न वाचताच अर्थ लावेल.

तुझा,
विनू