त्या आशाताईंना आणि रात्रपाळीच्या सिस्टरना

बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. चौथ्या दिवसापासून तिची झोपच उडाली. अखंड बडबड, आणि मग "हे बाळ माझं नाही, बदललंय" हा एकच धोशा. आई नारळ उतरवायच्या तयारीत. मीही गप्प होते, कबूल करते.

सातव्या दिवशी आशाताई बाळाचं वजन करायला आल्या. काटा बाजूला ठेवून बहिणीशी बोलत बसल्या. आईशी वाद घातला नाही. "काकू, नारळ उतरवा, पण आधी गाडी बोलावते," म्हणत 102 ला फोन लावला आणि स्वतःही गाडीत बसल्या. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा मानसिक आजार, हजारात एक-दोघींना होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं.

वॉर्डात ती कुणालाच जवळ येऊ देईना. सिस्टर मात्र तिच्यामागे बसून केसांचा गुंता सोडवत राहिल्या, तासभर, न ओढता. वेणी पुरी होईतो ती पेंगायला लागली. औषधाचाही गुण असेल, पण मला ती वेणीच आठवते.

बाळ आता रांगतंय. आशाताई, सिस्टर, मनापासून आभार. बहीण शेजारीच बसलीये, म्हणतेय, "माझ्याकडूनही लिही."