तुझ्या त्या एफचं उत्तर

सोनू,

रविवारी तू फोनवर विचारलंस की बाबा, थिअरी शिकायला चांगलं काय आहे, आणि मी म्हटलं बघून सांगतो, तर ते बघण्यातच चार दिवस गेले. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, तुला मधेच ऑफिसचा कॉल येतो, म्हणून टाइप करून पाठवतोय. निवांत वाच, पण गिटार मांडीवर घेऊन वाच.

तू म्हणालीस मोबाईलमध्ये चाळीस व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेत, दोन कोर्स अर्धवट पडलेत, पीडीएफ तर मोजलेल्याच नाहीत, आणि एवढं असून शनिवारी मिळून वाजवताना, तुमच्या त्या जॅमला, जी पट्टीत चाललेल्या गाण्यात मधेच एफची कॉर्ड आली ती कुठून आली हे तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. मला खरं सांगू, त्या चाळीस व्हिडिओंपेक्षा तो एफच जास्त मोलाचा वाटला. कारण तो तुला कानाला खटकला आणि तू विचारलंस.

त्या रात्री जेवण झाल्यावर पेटी काढली आणि पांढरी पाचला सा धरला, पांढरी पाच म्हणजेच तुमचा जी. जी मेजर म्हणजे आपला बिलावल थाट, थाट म्हणजे सात सुरांचा संच, यात सगळे सूर शुद्ध, आणि त्यात नी येतो काळी तीनवर, तोच तुमचा एफ शार्प. त्याच्या एकच घर खाली पांढरी चार, तो एफ. म्हणजे कोमल नी! बाकी सगळं शुद्ध आणि नी कोमल, हा खमाज थाट झाला, तिकडचे लोक यालाच मिक्सोलिडियन म्हणतात. आणि तुझी एफ कॉर्ड म्हणजे एफ, ए, सी, आपल्या भाषेत कोमल नी, रे, म. आता जी, एफ, सी आणि परत जी असं सावकाश वाजव आणि वाजवताना तोंडाने नुसता सा धरून ठेव. तो कोमल नी तू लहानपणापासून आपल्या एकादशीच्या भजनात ऐकलायस, तू माझ्या शेजारी बसून टाळ वाजवायचीस तेव्हा. नाव फक्त आत्ता कळलं.

एक मात्र लक्षात ठेव, थाट म्हणजे राग नाही. खमाज रागात आरोहात रे वर्ज्य असतो, नी दोन्ही लागतात, चढताना शुद्ध उतरताना कोमल, आणि कुठल्या सुरावर थांबायचं त्याची शिस्त वेगळी. तुमच्या गाण्यात एफ आला म्हणून ते गाणं खमाज झालं असं कोणाला सांगू नकोस. आपले थाट आणि तिकडचे मोड हे सूर ठेवायचे डबे आहेत, बिलावल म्हणजे मेजर, काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे नॅचरल मायनर, भैरवी म्हणजे फ्रिजियन, कल्याण म्हणजे लिडियन, एवढं जुळवून घेतलंस तर अर्ध्या नावांची भीती जाईल. पण भैरव, पूर्वी, मारवा, तोडी हे आपले थाट त्यांच्या सात मोडमध्ये बसत नाहीत, तिथे ओढूनताणून जुळवाजुळव करायची नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. मी कारखान्यात पस्तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली, त्यामुळे कुठलीही गोष्ट हातात आली की आधी ती तपासायची कशी हे डोक्यात येतं. थिअरीच्या पुस्तकाची किंवा कोर्सची माझी तपासणी एकच, पहिला धडा संपल्यावर हात वाद्याकडे जातो का. वाचलं आणि लगेच वाजवून बघावंसं वाटलं, वाजवल्यावर जे लिहिलंय तेच कानाला ऐकू आलं, तर ते तुझ्या कामाचं. नुसतं वाचून समजल्यासारखं वाटलं आणि पुढचा धडा उघडला तर ते कितीही नावाजलेलं असलं तरी आत्ता बाजूला ठेव.

हे मी उगाच नाही म्हणत. तुझ्या जन्माआधी मी परीक्षा द्यायच्या म्हणून एका क्लासला जायचो, तिथे व्याख्या पाठ करून घ्यायचे, वादी, संवादी, आलाप, तान, सगळं वहीत उतरवून घोकायचं, मला मार्क चांगले मिळाले, आणि नंतर रेडिओवर राग लागला की त्यातला वादी, म्हणजे मुख्य सूर, कुठला ते मला ओळखता येत नव्हतं. त्याचं फार वाईट वाटायचं. पेपरात लिहिलेलं कानापर्यंत पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली, ती तुझी जाऊ नयेत.

आणि दुसरी एक चूक सांगतो, ही तर अगदी साधी आहे. रविवार कारंजाजवळून मी एक जुनं पुस्तक आणलं होतं, बंदिशी होत्या, नोटेशनसकट. मला सूर लिहायची भातखंडे पद्धत येत होती, त्यात सुराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल आणि डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, वरचं. पुस्तक होतं पलुस्कर पद्धतीचं. त्यात सुराखालची आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, आणि डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक, अगदी उलटं! तीन आठवडे मी रोज पहाटे उठून चुकीचे सूर पक्के करत होतो, मग आमच्या भजनातल्या एका जाणत्या माणसाने ऐकून सांगितलं की हे काय वाजवताय. पक्का झालेला चुकीचा सूर काढायला नवीन शिकण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. म्हणून कुठलंही पुस्तक घे, इकडचं किंवा तिकडचं, आधी चिन्हांचं पान वाच.

भातखंड्यांचं मात्र वाचच. वकिली शिकलेला माणूस, गावोगाव फिरून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, दहा थाटांची मांडणी केली, आणि हिंदुस्तानी संगीत पद्धती हा मोठा ग्रंथ मूळ मराठीत लिहिला तोही गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांत, त्यामुळे तुझ्यासारखी सतत का का विचारणारी शिष्या त्यात रमेल. सावानात, आपल्या सार्वजनिक वाचनालयात, मिळतो का बघून येतो या आठवड्यात, मिळाला तर थाटाची पानं फोटो काढून पाठवतो. आणि पलुस्कर म्हणशील तर ज्यांनी 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेच विष्णु दिगंबर पुढे आपल्या नाशकात आश्रम काढून राहिले होते.

तिकडच्या थिअरीसाठी म्युझिकथिअरी डॉट नेट पुरेसं आहे सुरुवातीला, फुकट आहे, धडे छोटे आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यात कानाचे व्यायाम आहेत, दोन सूर वाजवतात आणि अंतर ओळखायचं. मी तीन दिवस केले, पहिल्या दिवशी दहातले पाच आले. तू रोज दहा मिनिटं तेवढंच कर. ओळखताना त्यांची नावं आठवत बसू नकोस, सा-प आहे का सा-म आहे असं मनात गा, लगेच सापडतं. पुढे सविस्तर वाचायचं झालं तर ओपन म्युझिक थिअरी नावाचं आख्खं पुस्तक नेटवर मोफत आहे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं, लिहायचं असेल तर म्युझस्कोर, तेही फुकट. ग्रेडच्या परीक्षा तुला आत्ता नकोत, नोकरी सांभाळून परीक्षेचं ओझं कशाला.

आणि रागाकडे यायचं असेल तेव्हा मुंबईच्या एनसीपीएने आणि ॲम्स्टरडॅम विद्यापीठाने मिळून केलेलं ऑट्रिमचं काम बघ. गाणारा गातोय आणि सुराची रेघ पडद्यावर चालत जाते, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कशी वळते, आंदोलन, म्हणजे सुराचं सावकाश डोलणं, कुठून कुठपर्यंत जातं, सगळं डोळ्याला दिसतं. मी तासभर नुसता बघत बसलो होतो, आईने दोनदा हाक मारली तरी कळलं नाही.

आता गिटार घे. जीच्या तारेवर, म्हणजे तिसऱ्या तारेवर, चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे बोट नुसतं टेकवून छेड, दाबायचं नाही, घंटीसारखा सूर येईल. जीला सा धरला तर हा त्या तारेतला आपोआप निघणारा गंधार, म्हणजे ग, तानपुरा छान जुळला की जो गंधार कोणी न लावता ऐकू येतो तोच. आता बीच्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या बरोब्बर वर तसंच बोट टेकवून छेड. हा पण गंधारच, पण ट्यूनरने लावलेला. दोन्ही एकदम वाजव. सूर थरथरेल. साधारण सेकंदाला आठ वेळा. कारण तारेतला गंधार साच्या सव्वापट असतो आणि ट्यूनरचा त्यापेक्षा चौदा सेंट वर, सेंट म्हणजे एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की कुठल्याही पट्टीत वाजवता येतं, कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी चा ए करता येतो, पण त्याची किंमत गंधाराला मोजावी लागते. माझ्या पेटीतही हेच आहे. षड्ज-पंचम मात्र जवळजवळ जागेवर राहतो, दोनच सेंटचा फरक, म्हणून पॉवर कॉर्ड, म्हणजे नुसत्या सा-पची कॉर्ड, इतकी स्वच्छ वाटते.

हे वाजवून झालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल, थरथर ऐकू आली का तेवढं सांग. आधी ट्यूनरवर दोन्ही तारा नीट लावून घे. आणि दिवाळीला येताना गिटार घेऊनच ये, विमानात त्रास होत असेल तर बसने ये, मी घ्यायला येतो नाशकात द्वारका सर्कलला. पेटीचा भाता दुरुस्त करून आणलाय.

बाबा