घोड्याच्या पायांवरून मरण ओळखणारी चौकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीतली घोड्याच्या पायांची चौकट वाचली. त्याच दिवशी लिहायला बसलो होतो, पण घरात सर्वांनी 'आज राहू द्या, रक्तदाब वाढेल' म्हटलं, म्हणून सोमवारी लिहितो आहे. पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असले तर स्वार रणात पडला, एक पाय वर असला तर जखमांनी गेला आणि चारही जमिनीवर असले तर अंथरुणात गेला. ही थाप व्हॉट्सअ‍ॅपवर दर शिवजयंतीला फिरते. तिथं ती वाचून सोडून देता येते. आपण ती छापलीत, वर 'जगभर पाळला जाणारा नियम' असं लिहिलंत. नियम कुणी केला, कधी केला आणि मोडला तर दंड किती, हेही त्याच चौकटीत यायला हरकत नव्हती.

रोमचा मार्कस ऑरेलियस घ्या. साडेअठराशे वर्षांचं ब्राँझ, घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला. बादशहा मात्र इ.स. १८० मध्ये आजारानं गेला. व्हेनिसच्या कोलेओनीच्या घोड्याचाही एक पाय वर आहे, आणि हा सेनापती १४७५ साली आपल्या गढीत म्हातारपणी वारला. वॉशिंग्टनला व्हाइट हाउससमोर अमेरिकेचे एकेकाळचे अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा घोडा दोन पायांवर उभा आहे. जॅक्सनसाहेब १८४५ साली स्वतःच्या घरात वारले.

याहून गंमत जिवंतपणी उभ्या केलेल्या पुतळ्यांची. माद्रिदमधला चौथ्या फिलिपचा पुतळा पिएत्रो ताक्कानं १६४० साली पुरा केला. पुढचे दोन्ही पाय हवेत. राजा पुढं पंचवीस वर्षं जगला आणि १६६५ साली आजारानं गेला. लंडनला पहिल्या चार्ल्सचा पुतळा १६३३ चा. घोड्याचा एक पाय वर, आणि राजाचा १६४९ साली शिरच्छेद झाला. शिरच्छेद आपल्या चौकटीतल्या कुठल्या रकान्यात टाकायचा? (हा पुतळा मोडीत काढायला पार्लमेंटच्या लोकांनी जॉन रिव्हेट नावाच्या धातुकारागिराला विकला. गड्यानं तो लपवून ठेवला आणि 'त्याच पुतळ्याच्या धातूच्या' म्हणून सुऱ्यांच्या मुठी विकून पैसे केले, असं सांगतात. राजेशाही परतल्यावर पुतळा अख्खा बाहेर!) आपल्या मुंबईचा काळा घोडा १८७९ साली बसवला तेव्हा वरचा स्वार नुसता युवराज होता. सातवा एडवर्ड होऊन तो १९१० साली वारला. शिल्पकाराकडे पंचांग होतं काय?

आणि महाराजांचं काय? त्यांचं निधन १६८० साली रायगडावर झालं. गावोगावचे पुतळे पाहा, कुठं घोड्याचा एक पाय वर, कुठं दोन. आपल्या नियमानं महाराजांच्या निधनाचे किती प्रकार होतील, याचा विचार चौकट लावताना कुणी केला का?

अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर बऱ्याच पुतळ्यांना हा हिशेब जुळतो, हे मला ठाऊक आहे. कुणी तेवढंच धरून बसेल, म्हणून आधीच सांगतो. तिथंही १९९८ साली बसवलेल्या सेनापती लाँगस्ट्रीटच्या घोड्यानं एक पाय उचलून हा हिशेब मोडला. लाँगस्ट्रीटला त्या लढाईत ओरखडाही आला नव्हता.

मी कोल्हापुरात फाउंड्रीत आयुष्य काढलं. आमचं काम पंपांचं आणि व्हॉल्व्हचं, पण शेजारच्या शेडमध्ये पुतळे ओतले जायचे आणि जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिथंच. घोड्याचा पाय का उचलतात आणि का उचलत नाहीत, हे तिथल्या पोऱ्यानंही सांगितलं असतं. पुतळा आतून पोकळ असतो. आत गाभा, त्यावर मेणाचा थर, बाहेर साचा. मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी धातूचा रस ओतायचा. पत्रा उभा राहतो काही मिलिमीटरचा. एवढ्या पोकळ पोटाचं आणि वर बसलेल्या माणसाचं ओझं चार पायांवर येतं ते एक पाय उचलला की तिघांवर येतं. म्हणून दोनातेल्लो या शिल्पकारानं पंधराव्या शतकात इटलीतल्या पाडुआच्या घोड्याचा उचललेला पाय चक्क एका गोळ्यावर टेकवला. कोलेओनीचा घोडा त्या गोळ्याशिवाय उभा राहिला, म्हणून त्याचं कौतुक.

दोन पायांचं तर विचारूच नका. सगळा भार मागं ओढावा लागतो. ताक्कानं पुढचा भाग हलका ठेवला, मागचा जड केला आणि शेपटी चौथऱ्याला टेकवली. सेंट पीटर्सबर्गला रशियाचा बादशहा पीटर द ग्रेट याच्या पुतळ्यात फाल्कोने या फ्रेंच शिल्पकारानं तेच केलं आणि आधाराला पायांखाली साप घातला. टापांखाली चिरडलेला साप म्हणजे पीटरचे शत्रू, असं लोक सांगतात. ते खरंच आहे, पण त्या सापाला शेपटी चिकटली आहे म्हणून घोडा उभा आहे, हेही खरं. पीटर १७२५ साली मूत्राशयाच्या दुखण्यानं गेला. त्याचा त्या पायांशी काय संबंध? १७७५ साली याच पुतळ्याचं ओतकाम चालू असताना साचा फुटला, रस बाहेर आला, आग लागली. सगळे पळाले. खायलोव नावाचा ओतारी तेवढा जागेवर थांबला, त्यानं गळती बुजवली म्हणून बराचसा पुतळा वाचला. वरचा भाग दोन वर्षांनी पुन्हा ओतावा लागला. अकराशे अंशांच्या रसापुढं उभा राहिलेला माणूस चौकटीत यायला हवा होता, तिथं आपण घोड्याच्या टापा मोजत बसलात.

आता माझ्या रागाचं खरं कारण. ही चौकट आपण पूर्वीही एकदा छापली होती. माझी नात शाळेच्या प्रश्नमंजूषेत होती. 'दोन्ही पाय हवेत असल्यास स्वाराचा मृत्यू कसा?' असा प्रश्न आला. पोरगी उभी राहून म्हणाली, 'पायांवरून काही कळत नाही.' शून्य गुण. तिनं फिलिपचं उदाहरण दिलं, साल सांगितलं. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी फाइल उघडली आणि आपल्याच दैनिकाचं कात्रण दाखवलं. 'कुणी सांगितलं तुला?' 'आजोबांनी.' 'आजोबा पेपरपेक्षा मोठे का?' सभागृह हसलं. एका गुणानं तिच्या गटाचं बक्षीस गेलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो तर मला चहा दिला आणि 'छापून आलंय म्हणजे काहीतरी असेलच' असं सांगून वाटेला लावलं. तेव्हा मी आपल्याला पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत, ठीक आहे, जागेचा प्रश्न असतो. चौकटीला मात्र दोनदा जागा मिळाली.

खुलासा छापावा, ही विनंती. आतल्या पानावर तळाशी, निविदांच्या शेजारी नको. रविवारच्या पुरवणीत, त्याच जागी, त्याच टायपात हवा. शाळेत कात्रणच चालतं, तेव्हा मलाही एक लागणार आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोल्हापूर

ता. क. : याच अंकात पान ३ वर पुतळा अनावरणाची बातमी आहे. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, सूत्रसंचालक, आभार मानणारे, झाडून सगळ्यांची नावं आहेत. पुतळ्याची उंची आहे, क्रेन किती टनांची होती तेही आहे. शिल्पकाराचं नाव नाही, ओतकाम कुठं झालं तेही नाही. पीटरचा पुतळा करवून घेणाऱ्या राणी कॅथरिनशी बिनसल्यामुळं फाल्कोने १७७८ सालीच रशिया सोडून गेला आणि चार वर्षांनी अनावरण झालं तेव्हा तो तिथं नव्हता. खडकावर नाव कोरलं ते पीटरचं आणि कॅथरिनचं. तरीही फाल्कोनेचं नाव झग्याच्या घडीत का होईना, कोरलेलं आहे. पीटरचं डोकं घडवणारी त्याची शिष्या मारी-आन कोलो आणि साप करणारा गोर्देयेव यांची नावंही इतिहासात टिकली. आपला वार्ताहर तर शिल्पकाराच्या गावातच राहतो. पत्र कापायचं झालंच, तर वरचा मजकूर कापा, हा ता. क. ठेवा.