जुन्या लिंक होम पेजवर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरची नवी वेबसाइट आली, मोबाईलवर छान दिसते, फॉन्टही मोठा केलाय ते बरं झालं, पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. रविवार पुरवणीतले जुने लेख मी कितीतरी जणांना पाठवलेत, त्यातली एकही लिंक आता लेखावर जात नाही, सगळ्या होम पेजवर येऊन पडतात. लायब्ररीत पुस्तक मागितलं की हाताला धरून गेटवर आणून सोडावं तसं. बरं लेख गेलेत कुठं, तर कुठंच नाही! तुमच्याच सर्चमध्ये सापडतात, फक्त आधी 'पुरवणी' फोल्डरमध्ये होते ते आता 'रविवार' मध्ये टाकलेत, पुढचा पत्ता जसाच्या तसा.

मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो म्हणून सांगतो, एकेक लेख वळवत बसायची गरज नाही. साइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर अपाचे असेल तर 'रिडायरेक्ट ३०१' (म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्या पत्त्यावर वळव), पुढं जुना फोल्डर, पुढं नवा फोल्डर, एवढी एक ओळ बास, पत्त्यात फोल्डरच्या पुढं जे काही असेल ते सर्व्हर आपणहून नव्या पत्त्याला जोडतो. एन्जिनएक्स असेल तर लिहायची पद्धत वेगळी, काम तेच. फक्त शेवटचा स्लॅश दोन्हीकडे द्या नाहीतर दोन्हीकडे देऊ नका, जुन्याला दिला आणि नव्याला विसरला की फोल्डरचं आणि लेखाचं नाव एकमेकांना चिकटतं आणि येतो ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही'. आणि नवा फोल्डर जुन्याच्याच पोटात केला असेल तर ही साधी ओळ चालत नाही, पत्ता फिरून फिरून स्वतःकडेच येतो आणि ब्राउझर शेवटी हात टेकतो, तिथं 'रिडायरेक्टमॅच' लावून नेमका पॅटर्न द्यावा लागतो.

३०१ म्हणजे कायमचं, ३०२ तात्पुरतं. टेस्टिंग ३०२ वरच करा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो, मग तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलं तरी वाचकाच्या मोबाईलवर आधीचाच घोळ दिसत राहू शकतो. सगळं होम पेजवर ढकलून गुगलमध्येही फायदा नाही, अशा पानांना गुगल 'सॉफ्ट ४०४' धरू शकतं, म्हणजे पान नाहीच. रिडायरेक्ट निदान १ वर्ष तरी ठेवा असं गुगलच सांगतं, मी म्हणतो पेपरनं ते कधी काढूच नये, दोन-चार ओळींचा सर्व्हरला काय भार.

आता हे फक्त माझ्यासारख्या फॉरवर्ड करणाऱ्यांचं दुखणं नाही हो. मराठी विकिपीडियावर गावांच्या, जत्रांच्या, जुन्या कलाकारांच्या पानाखाली संदर्भ म्हणून बऱ्याचदा मराठी पेपरच्याच लिंक असतात, इंग्रजीत त्या विषयावर कुणी ओळही लिहिलेली नसते. ती लिंक होम पेजवर गेली की वाचणाऱ्याला वाटणार संदर्भच खोटा. वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर कधी कधी कॉपी सापडते, पण तिथं शोधायला किती जण जाणार आणि का जावं, लेख तर तुमच्याकडंच आहे ना!

तुमच्या टेक्निकल टीमला सर्व्हरच्या लॉगमधून, म्हणजे कुठलं पान कुणी मागितलं त्या नोंदींतून, जुन्या पत्त्यांवर अजून कोण कोण येतंय ते काढायला सांगा, म्हणजे कुठले फोल्डर आधी घ्यायचे ते कळेल. दिवाळी अंकांचा फोल्डर मात्र लॉग न बघताच घ्या.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली