तुझी आरएक्स चालू झाली

भावा,

काल रात्री अकराच्या सुमारास घरी पोचलो. ८ दिवस, १,१२६ किलोमीटर, ३ जंगलजेट्ट्या (गाडीसकट खाडी ओलांडणाऱ्या बोटी) आणि एक तुटलेली क्लच केबल. हाताला अजून हॅन्डलची थरथर जाणवतेय तरी आजच लिहायला बसलोय, कारण फोनवर सांगायला गेलो असतो तर अर्धं राहिलं असतं, तुझी तेव्हा तिकडे जर्मनीत ऑफिसची वेळ, तू नुसता हो हो करतोस आणि मग माझंही तोंड उघडत नाही. म्हणून पत्र. निवांत बसून वाच. वेंगुर्ल्याचं, तुझ्या घरचं आणि तुझ्या जुन्या यामाहा आरएक्स मोटरसायकलचं, शेवटी येईल, पण आधीच सांगून ठेवतो की काकू, तुझी आई, बऱ्या आहेत, काळजीचं काही नाहीये.

निघायचं असं फार ठरवलं वगैरे नव्हतं. आपल्या ग्रुपवर गेली ४-५ वर्षं प्रत्येकाच्या वाढदिवसाला केकचं चित्र पडतं आणि खाली "भेटू रे एकदा" पडतं, ते मला या वेळी वाचवेना. म्हटलं सगळ्यांची एक तारीख जुळायची वाट बघत बसलो तर म्हातारे होऊ, त्यापेक्षा आपणच एकेकाच्या दारात जाऊन उभं राहायचं. २००३ ला गेलो होतो तसंच कोकणातनं खाली. फक्त तेव्हा आपण हायवेनं गेलो होतो, कशेडीत ट्रकांच्या मागे धूर खात, या वेळी मी समुद्राच्या कडेकडेनं गेलो.

पुण्यातनं पहाटे निघालो, मुळशीला धरणाच्या कडेला धुकं इतकं की काच वर करून चालवावी लागली, ताम्हिणी उतरून निजामपूर-माणगाव आणि तिथनं म्हसळ्यावरनं श्रीवर्धन. आपला बारक्या त्याच्या वाडीच्या बेड्यातच, फाटकातच, उभा होता. भावा, त्याची वाडी तुला आठवते ती डोक्यातनं काढून टाक. ३ जून २०२० च्या त्या वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या हे आपण बातम्यांत बघितलं होतं, आपण पैसेही पाठवले होते, पण नक्की काय गेलं ते मला परवा तिथे उभं राहिल्यावर कळलं. आजोबांनी लावलेल्या पोफळी. त्या खाली अंधार असायचा ना, भर दुपारी गार वाटायचं, तो अंधारच राहिला नाहीये. वर बघितलं की आभाळ. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला ५-६-७ वर्षं जातात, तोवर शिंपण, खत, राखण सगळं घरातनं. तो म्हणाला पहिली २ वर्षं मी नुसती पडलेली झाडं कापून बाहेर काढत होतो. आता नवीन रोपांपैकी काहींना पहिले घड लागलेत, एवढे एवढे, त्यानं मला हाताला धरून एकेका झाडापाशी नेलं आणि लहान पोराचे दात दाखवावेत तसे ते घड दाखवले.

रात्री पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ-ओवा, मधे अंडी आणि मसाला लावलेलं चिकन, तोंडाला परत पाला कोंबला आणि मडकं पालथं घालून भोवती पातेरा पेटवला. अर्ध्या तासात वास आला. तू असतास तर अंड्यांवरून भांडणं झाली असती. त्याची बायको म्हणाली, भाऊजी, हे वादळानंतर पहिल्यांदाच मित्राला जेवायला बोलावलंय यांनी. मी काही बोललो नाही, शेंगा सोलत बसलो.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरावरनं बागमांडल्याला जेट्टीत गाडी चढवली. शेजारी पुलाचे अर्धवट खांब कधीचे उभे आहेत. पण खरं सांगू, मला जेट्टीच आवडते. साइड स्टँडवर गाडी लावायची, सीटला हात धरून उभं राहायचं, १०-१५ मिनिटं आपल्याला काहीच करायचं नसतं. पलीकडे वेसवी, मग वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालला होता तिथे थोडा रेंगाळलो. दापोलीला लॉजवर राहिलो, तिथे आपलं कोणी नाही.

मग दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे आणि गुहागर. मास्तरची शाळा गावापासून आत आहे, पटावर ९ पोरं, चार इयत्ता एकाच खोलीत. त्यानं मला घरी नेलंच नाही, थेट वर्गात. फळ्यावर पुणे ते वेंगुर्ला नकाशा आधीच काढून ठेवला होता आणि पोरांना गणित घातलं, काकांच्या गाडीच्या टाकीत १३ लिटर पेट्रोल मावतं, लिटरला ३५ किलोमीटर जाते, तर एका टाकीत काका कुठपर्यंत जातील. एका मुलीनं ४५५ काढलं आणि लगेच विचारलं, पण काका, घाटात पण ३५च जाते का? मास्तरचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास तू! आपल्यात सगळ्यात हुशार तो होता, इंजिनिअरिंग सोडून डीएड करतो म्हणाला तेव्हा आपण चौघांनी त्याला किती शिव्या घातल्या होत्या. त्या मुलीचा प्रश्न ऐकल्यावर मी त्याची माफी मागितली, खरंच मागितली, पोरं बाहेर गेल्यावर. तो म्हणाला, २० वर्षांत विसरलो पण मी ते. मी विसरलो नव्हतो.

तवसाळ-जयगड ही तिसरी जेट्टी, मग गणपतीपुळे, आरे-वारेचा तो चढ जिथे डावीकडे डोंगर आणि उजवीकडे खाली दोन्ही किनारे दिसतात. रत्नागिरीत मुक्काम, सकाळी पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग. आंब्याला मोहोर आलेला, देवगडच्या पुढे तर रस्ताभर त्याचाच वास, हेल्मेटमधे सुद्धा.

केबल तुटली ती कुणकेश्वरच्या पुढे. लिव्हर दाबला आणि एकदम हलका लागला, हाताशीच आला. निपलपाशी तार तुटलेली. वळणावर, चढाला, दुपारी दोनला, आजूबाजूला फक्त कातळ. आणि मला पहिल्यांदा तू आठवलास. २००३, राजापूरच्या अलीकडे, तुझ्या आरएक्सची केबल तुटली होती आणि आपण सगळे आता टेम्पो बघू म्हणत होतो तर तू म्हणालास क्लच काय, नुसता शोभेला आहे, आणि गाडी न्यूट्रलमधे चालू करून बाजूनं ढकलत पळत सुटलास, वेग आला तसा उडी मारून बसलास आणि पायानं पहिला टाकलास. तसंच केलं मी. आधी गाडी वळवून उताराला लावली, न्यूट्रलमधे सोडली, मग टाकला पहिला. जोरात हिसका बसला पण गेली. वरचे गिअर टाकताना अ‍ॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा आणि त्याच वेळी पाय दाबायचा, तेही तुझंच शिकवलेलं, पायाला आपोआप आठवलं. कुठेही थांबायचं नाही एवढंच डोक्यात. आचऱ्याच्या अलीकडे एका शेडमधल्या मेकॅनिकनं त्याच केबलला स्क्रूचा निपल लावून, अ‍ॅडजस्टर पूर्ण फिरवून गाडी उभी केली, ५० रुपये घेतले आणि वर पाणी पाजलं. नवीन केबल मालवणला मिळाली. स्पेअर बरोबर न्यायला हवी होती, ती चूक माझी.

आता वेंगुर्ला.

संध्याकाळी सहाला पोचलो. काकू खळ्यात बसल्या होत्या, आधी ओळखलंच नाही, हेल्मेट काढल्यावर म्हणाल्या, "तू इलंस? एकटोच?" त्या "एकटोच"नं मला जरा हलवलं. मग बस, हात-पाय धू, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, भात, वाढतच होत्या. तब्येत बरी आहे, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेतात, मी डबी उघडून मोजल्या. डोळ्याचं ऑपरेशन एकाचं झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, ते त्या तुला सांगत नाहीयेत असं मला वाटतं म्हणून सांगतोय. शेजारची मुलगी रात्री झोपायला येते.

जेवताना म्हणाल्या, "ती गाडी भंगारवाल्याक देवन टाकूया म्हणतंय, पडवी अडलीहा." मी म्हटलं, मला उद्याचा एक दिवस द्या.

सकाळी तुझ्या आरएक्सवरची ताडपत्री काढली. दोन्ही टायर बसलेले, चिरलेले. सीट उंदरांनी खाल्लेली. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधून ठेवलेलं, ते तारेनं कोरून काढलं. टाकीतलं पेट्रोल काळं पडून त्याचा वार्निशसारखा वास येत होता, ते सगळं काढलं, कार्ब्युरेटर उतरवला, फ्लोटची वाटी हिरवी झालेली, दोन्ही जेट बुजलेले, ते केरोसीनमधे टाकून ब्रशच्या एका केसानं साफ केले. प्लग बाजारातनं नवा आणला, टूटी ऑइल (टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर लागतं ते) आणलं, आणि पेट्रोल माझ्या गाडीची नळी काढून तिच्या टाकीत ओतलं. किक आधी जाईचना, प्लगच्या भोकातनं थोडं ऑइल सोडून तासभर ठेवलं, मग हातानं चाक मागेपुढे करत करत सुटली.

किती किक मारल्या मोजल्या नाहीत. शर्ट भिजला. दुपारचे बारा वाजले असतील, मी आता सोडणारच होतो, एकदा नुसतं फट् झालं, धुराचा एक गोळा बाहेर आला. परत मारली आणि पकडली. अरे, तोच आवाज! टिंग टिंग टिंग करत, अख्ख्या पडवीत पांढरा धूर, मी अ‍ॅक्सिलरेटर धरून उभा, सोडला तर बंद पडेल म्हणून सोडताही येईना.

काकू आतनं आल्या, हाताला पीठ होतं. दारात उभ्या राहिल्या. मला वाटलं धुरामुळे काहीतरी म्हणतील. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे, तुझे काका, दुकान बंद करून येयत ना, त्या वळणार आवाज इलो की मी तवो ठेवी. घरात येयसर भाकरी तयार." एवढंच. आणि आत गेल्या. मी मुद्दाम अजून दहा मिनिटं चालू ठेवली गाडी.

दुपारी त्यांनी कपाटातनं एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्या हातात दिली, गाडीचे कागद. १९९५ ची गाडी, १५ वर्षांनी २०१० ला काकांनी आरसी रिन्यू केलेली, ते समजू शकतो, तेव्हा ते चालवत होते. पण भावा, २०१५ ला परत रिन्यू केलीये. तेव्हा तू जर्मनीला जाऊन ४ वर्षं झाली होती, त्यांचे गुडघे गेले होते, ते स्वतः स्कूटर वापरत होते, आरएक्स ताडपत्रीखाली होती. तरी ती गाडी तिथनं आरटीओला नेली कशी, कोणाच्या हातापाया पडून, काकूंनाही आठवत नाही. पावती पिशवीत आहे, काकांच्या अक्षरात मागे तारीख लिहिलीये, "पुढचे २०२०". २०१८ ला ते गेले.

मी तुला ओरडायला लिहीत नाहीये. तू तेव्हा आलास, १२ दिवस राहिलास, परत जावं लागलं, मला माहितीये काय अवस्था होती तुझी, विमानतळावर मीच सोडलं होतं. पण ती पावती बघितल्यावर मला ती पिशवी परत कपाटात ठेववेना आणि तुला न सांगता राहवेना.

परतीचं थोडक्यात. आंबोली पहाटे चढलो, बोटं सुन्न, आजरा-गडहिंग्लज करत कोल्हापूर. पैलवानाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन मिसळ खायला आला, कट दोनदा मागून घेतला, तुला शंभर शिव्या सांगितल्यात, त्या इथे लिहीत नाही. एक रात्र राहिलो आणि मग हायवेनं सरळ घरी.

तर काम असं आहे. काकूंना मी सांगून आलोय की गाडी कोणालाही द्यायची नाही. टायर, ट्यूब, बॅटरी, सीट कव्हर मी बघतो, मास्तर मे महिन्याच्या सुट्टीत जाऊन बसवून देईल, त्याचं आणि माझं बोलणं झालंय. पण आरसी अजून काकांच्याच नावावर आहे. ती वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, रिन्यूअलला फॉर्म २५, आणि गाडी तपासायला न्यावी लागते. दोन्ही फॉर्म मी डाउनलोड करून ठेवलेत. वारस म्हणून नाव तुझंच घालायचं असं काकू म्हणाल्या, त्यांना गाडी नकोय. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्याच वेळी करून घेता येईल. तू किती दिवसांची सुट्टी काढू शकतोस ते कळव, पैलवान सोडून बाकी आम्ही तिघंही तेव्हा वेंगुर्ल्याला येऊ, बारक्या म्हणालाय वाडीला माणूस लावून येतो.

चावी काकूंनी देवघरातल्या हळद-कुंकवाच्या पेल्यात ठेवलीये. पेट्रोलचा कॉक बंद केलाय मी, आलास की आधी तो उघड.

तुझा,
मी